दोन ओहमचा हिशेब

गाडीतला एअरबॅगचा दिवा लागला तरी गाडी नेहमीसारखीच पळते. ॲव्हरेज घटत नाही, पिकअप कमी होत नाही, कुठून खडखडाट ऐकू येत नाही. ऑइलचा दिवा लागला की माणूस घाबरून गाडी कडेला घेतो. एअरबॅगचा लागला की ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणतो आणि मग ते पुढचं सर्व्हिसिंग दोन वर्षांनी येतं. दरम्यान त्या घरातली माणसं एअरबॅग असलेल्या गाडीतून फिरतोय अशा समजुतीत असतात. बहुतेक गाड्यांमध्ये हा दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेलच याचा भरवसा धरता येत नाही. काही गाड्यांत फक्त बिघडलेला भाग बंद पडतो, काहींत सगळी यंत्रणाच हात टेकते.

आपल्याकडे हा प्रश्न आता वाढत जाणार आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२२ उजाडेपर्यंत शेजारच्या प्रवाशासाठीही. त्या गाड्या आता जुन्या होऊ लागल्यात, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्यात. कंपनीच्या वर्कशॉपमधून त्या नाक्यावरच्या गॅरेजात येतात. तिथला मेकॅनिक इंजिन डोळे मिटून उतरवेल, पण एअरबॅगच्या पिवळ्या तारेला हात लावायला कचरतो. त्याचं कचरणं योग्यच आहे. मात्र भीतीपोटी तो चुकीचा सुटा भाग बदलायला सांगतो, तेव्हा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो.

एअरबॅगची यंत्रणा मुळात साधी आहे. गाडीच्या मधोमध, गिअरच्या दांड्याच्या खाली किंवा पुढे, जमिनीच्या पत्र्याला घट्ट बोल्ट केलेली एक धातूची डबी असते. हा यंत्रणेचा कंट्रोल मॉड्यूल. गाडीचा वेग किती झपाट्याने घटतोय हे मोजणारा सेन्सर त्याच्या पोटातच असतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरमागे आणि दारांच्या मधल्या खांबात आणखी सेन्सर असतात. मॉड्यूलमधून तारा निघतात आणि प्रत्येक एअरबॅगपर्यंत, तसंच सीटबेल्ट आवळणाऱ्या प्रिटेन्शनरपर्यंत जातात. प्रत्येकाच्या टोकाला एक इग्नायटर असतो, त्याला गॅरेजात स्क्विब म्हणतात. त्यात केसाइतकी बारीक तार, तिच्याभोवती चिमूटभर ज्वालाग्राही मसाला. तारेतून साधारण १.२ अँपिअर प्रवाह २ मिलिसेकंद गेला की ती तापते, मसाला पेटतो, त्यातून गॅस तयार करणारं रसायन पेटतं आणि पिशवी फुगते. धडक झाल्यापासून पिशवी भरेपर्यंतचा सगळा खेळ सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास आटोपतो. त्या बारीक तारेला लागणारी ऊर्जा मोजली तर सहा मिलिज्यूलही भरत नाही. जीव वाचवणारा स्फोट एवढ्याशा विजेवर अवलंबून आहे, म्हणूनच तिच्या वाटेतला किरकोळ अडथळाही किरकोळ राहत नाही.

स्क्विबमधल्या त्या तारेचा रोध साधारण दोन ओहम असतो. चावी ऑन केली की मॉड्यूल प्रत्येक फेऱ्यातून, म्हणजे सर्किटमधून, अगदी क्षीण प्रवाह सोडतो. मसाला पेटायला लागतो त्याच्या कितीतरी पटीने कमी. त्यावरून तो रोध मोजतो. तारा, कपलर, जोड यांची थोडी भर धरूनही आकडा ठरलेल्या मर्यादेत आला तर ठीक; काही सेकंदांत दिवा विझतो. मोजणी तिथेच थांबत नाही, गाडी चालू असेपर्यंत ती होत राहते. आकडा फार वाढला, म्हणजे तार कुठेतरी तुटली किंवा कपलर सैल झाला. फार कमी झाला, म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटल्या. याखेरीज तार बॉडीला लागून अर्थ झाली किंवा बॅटरीच्या चालू तारेला लागली, तर तेही त्याला कळतं. या चार बिघाडांचे चार वेगळे कोड तो स्मरणात ठेवतो आणि दिवा लावतो. दिव्याची तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते की दोन ओहमचा हिशेब जुळत नाही.

‘तार बॅटरीला लागली तर एअरबॅग तोंडावर फुटेल का?’ हा प्रश्न गॅरेजात हमखास निघतो. फेऱ्याच्या दोन्ही बाजूंना मॉड्यूलमध्ये स्वतंत्र स्विच असतात आणि स्फोटासाठी दोन्ही एकदम चालू व्हावे लागतात. एका तारेचा एक बिघाड त्यामुळे स्फोटापर्यंत पोहोचत नाही, दिव्यापर्यंत पोहोचतो. रचना करणाऱ्यांनी डोकं वापरलंय. तरीही चालू बॅटरीवर कपलर उपसणाऱ्याला हे स्पष्टीकरण वाचवेलच असं नाही.

बिघाड पिशवीत क्वचित असतो. तो असतो वाटेत, आणि वाटेतल्या दोन जागा सर्वात बदनाम आहेत.

पहिली स्टिअरिंगच्या आत. ड्रायव्हरची एअरबॅग चाकाबरोबर फिरते, मॉड्यूल मात्र जागचा हलत नाही. मग तार पीळ न पडता कशी न्यायची? त्यासाठी चाकामागे प्लॅस्टिकची चपटी डबी असते, तिचं नाव क्लॉक स्प्रिंग. आत शिंप्याच्या मोजपट्टीसारखी गुंडाळलेली चपटी वायर. चाक एका बाजूला फिरवलं की गुंडाळी आवळते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सैल होते. दोन्ही बाजूंना साधारण अडीच वेढ्यांची मुभा असते, त्यापलीकडे नाही. ही पट्टी वर्षानुवर्षांच्या वळणांनी चिरते. त्याहून अधिक वेळा ती माणसाच्या हाताने तुटते. स्टिअरिंगचं काम करताना चाक उतरवलं, डबी हातात असताना दोन वेढे फिरली, आणि मध्य न साधता तशीच परत बसवली. पहिल्या यू-टर्नला पट्टी ताणून तुटते. याची खूण फार सोपी आहे. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची म्युझिकची बटणंही याच पट्टीतून जातात, त्यामुळे एअरबॅगचा दिवा आणि मुका हॉर्न एकाच दिवशी आले तर बाकी काही उघडण्याआधी क्लॉक स्प्रिंगवर संशय घ्यावा. चाक फिरवताना हॉर्न मध्येच वाजतो, मध्येच वाजत नाही, असं असेल तर संशयाचं खात्रीत रूपांतर होतं. इतकं असूनही ‘साहेब, एअरबॅगच गेली’ असं सांगून चाकावरची अख्खी पिशवी बदलायला लावणारे भेटतात. पिशवी बदलल्यावरही दिवा तसाच राहतो, तेव्हा ते मॉड्यूलकडे वळतात.

दुसरी जागा पुढच्या सीटखाली. साइड एअरबॅग असेल तर ती सीटच्या पाठीत असते, काही गाड्यांत बेल्टच्या बकलपाशी प्रिटेन्शनर असतो. त्यांच्या तारा सीटखालून येतात. आपल्या गाड्यांच्या सीटखाली काय काय असतं ते आठवून पाहा: पाण्याची बाटली, छत्री, गाडी पुसायचं फडकं, मुलांचं खेळणं. सीट पुढे-मागे सरकवताना यातली एखादी वस्तू कपलरवर दाबली जाते. पिन किंचित बाहेर सरकते, दोन ओहमचे चार होतात, कधी साडेचार, आणि खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर अनंत. मग दिवा लागतो, दुसऱ्या दिवशी चावी फिरवल्यावर विझतो, आठवड्याने पुन्हा लागतो. लपंडाव खेळणारा दिवा दिसला की मी आधी सीटखाली बॅटरीचा टॉर्च मारायला सांगतो. पावसाळ्यात ओल्या चपला, दारातून गळणारं पाणी आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने केलेलं ‘इंटिरिअर वॉशिंग’ यांनी गालिचा भिजतो आणि कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. किनारपट्टीवर हे लवकर होतं. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर किंवा चिपळूणचा २०२१ चा पूर, अशा पुरांत बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली गेली असेल, तर जमिनीलगतचा मॉड्यूल आणि सीटखालचे कपलर यांची परीक्षा पुढची कित्येक वर्षं चालू राहते. उंदरांचं तर काय सांगावं. त्यांना पिवळी तार आणि काळी तार असा भेद नसतो.

आता निदान. पायरी पहिली : कोड वाचणं. त्यात पहिली ठेच लागते. ऑनलाइन मागवलेला स्वस्त स्कॅनर इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो, एअरबॅगचे कोड ‘बी’ गटातले, ते त्याला बहुधा दिसतच नाहीत. तो ‘नो फॉल्ट’ म्हणतो आणि मेकॅनिकही ‘काही नाही’ म्हणतो. एअरबॅगच्या मॉड्यूलशी बोलू शकणारा स्कॅनरच हवा. कोड मिळाला की तो नीट वाचायला हवा, कारण बी-०००१ सारखा कोड ‘ड्रायव्हरच्या पिशवीचा पहिला टप्पा’ एवढंच सांगतो; म्हणजे तो फेरा. त्या फेऱ्यात पिशवी आहे, क्लॉक स्प्रिंग आहे, दोन-तीन कपलर आहेत, तारेचा एक लांब तुकडा आहे आणि मॉड्यूलही आहे. कोड गल्लीचं नाव सांगतो, घर आपल्याला शोधायचं. कोड आत्ताचा आहे की जुना, स्मरणात साठलेला, हेही पाहायचं. मागे बॅटरी उतरल्यावर जंप स्टार्ट केलं होतं आणि त्या वेळच्या कमी व्होल्टेजचा जुना कोड शिल्लक असेल, तर तारा शोधत बसण्यात अर्थ नाही.

घर शोधताना दुसरी ठेच लागते. साधा मल्टिमीटर घेऊन थेट पिशवीच्या पिनांवर टेकवायचा मोह होतो. कुठल्याही कंपनीचं मॅन्युअल उघडा, याला सक्त मनाई आहे. आजचा डिजिटल मीटर रोध मोजताना फार थोडा प्रवाह सोडतो हे खरं. पण हातातला मीटर कुठला, त्याचं बटण कुठल्या खुणेवर आहे, बॅटरी जोडलेली आहे की नाही, याची हमी कोण देणार? दुसरं असं, की इथे दोनाच्या जागी अडीच ओहमलाही किंमत आहे आणि साध्या मीटरच्या वायरींचाच रोध पाव-अर्धा ओहम भरतो. म्हणजे धोका पत्करून हाती येणारा आकडाही बिनकामाचा.

त्यापेक्षा चांगला रस्ता आहे. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि थांबा. किती थांबायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं : कुठे एक मिनिट, कुठे तीन, कुठे त्याहून जास्त. धडकेत बॅटरी तुटली तरी स्फोट व्हावा म्हणून मॉड्यूलमध्ये ऊर्जा साठवणारा कपॅसिटर असतो, तो रिकामा व्हायला वेळ लागतो. या मिनिटांत चहा घ्यावा. घाईचं काम नाही. मग बॉडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, पिवळा कपलर सोडायचा आणि पिशवीच्या जागी दोन ओहमचा डमी रेझिस्टर जोडायचा. पिशवी बाजूला ठेवताना तिचा दर्शनी भाग वर. उलटी ठेवली आणि चुकून उडाली तर ती छताकडे झेपावते. आता बॅटरी जोडून कोड पुन्हा वाचा. कोड गेला तर दोष पिशवीत. राहिला तर दोष वाटेत. मग बॅटरी पुन्हा काढून तोच डमी क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या कपलरला लावायचा. आता कोड गेला, म्हणजे दोष क्लॉक स्प्रिंगमध्ये. अजून राहिला, म्हणजे त्याखालच्या तारेत किंवा मॉड्यूलमध्ये. वाट अर्ध्यावर कापत गेलं की दोन-तीन खेपांत घर सापडतं आणि या सगळ्यात एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

तार तपासताना आणखी एक सापळा आहे आणि तो मुद्दाम लावलेला आहे. मॉड्यूलचा मोठा कपलर उपसला की त्याच्या आतल्या बारीक स्प्रिंगच्या पट्ट्या खाली येतात आणि पिशवीकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकतात. उघड्या तारेत स्थिर वीज शिरून पिशवी उडू नये, यासाठी ही सोय. नवशिका त्या तारांना मीटर लावतो, शून्य ओहम दिसतं, ‘हार्नेस शॉर्ट आहे’ असा निकाल देतो आणि डॅशबोर्ड उतरवायला घेतो. पट्टी उचलून धरणारी प्लॅस्टिकची छोटी चकती आत सरकवली की शून्याऐवजी खरा आकडा दिसतो. मॅन्युअलमध्ये हे एका वाक्यात असतं. ते वाचलं नाही तर दिवसभराचं काम वाढतं.

निदानाचा हा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे : मॉड्यूलला वीज मिळतेय आणि तो स्वतः शाबूत आहे. गृहीतक ढासळलं तर काय होतं याचं सर्वात भयंकर उदाहरण अमेरिकेतलं. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांत चावीच्या स्विचमधला खटका अशक्त होता. जड जुडगा लटकवला, गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यात आपटली की चावी ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगचा मॉड्यूलही बंद. गाडी तशीच वेगात झाडावर किंवा समोरच्या गाडीवर जायची आणि पिशवी उघडायची नाही. सगळे फेरे निर्दोष, सगळीकडे दोन ओहम, एकही कोड नाही. कंपनीच्या आतल्या लोकांना या स्विचच्या तक्रारी वर्षानुवर्षं ठाऊक होत्या. २००६ च्या सुमारास स्विच गुपचूप सुधारला गेला, पण सुट्या भागाचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांतला फरक कागदावर कुणालाच दिसेना. एका अपघातग्रस्त कुटुंबाच्या दाव्यात काम करणाऱ्या अभियंत्याने बाजारातून त्याच नंबरचा नवा स्विच आणला, जुन्याशेजारी ठेवून उघडला, तेव्हा आतला प्लंजर आणि स्प्रिंग वेगळे निघाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावणं, म्हणजे रिकॉल, सुरू झालं. नुकसानभरपाई निधीने अखेर १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी न्याय खात्याशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली. माझ्या मते एअरबॅगच्या इतिहासातलं सर्वात महत्त्वाचं निदान हेच. ते कुठल्याही स्कॅनरने केलेलं नाही. दोन स्विच शेजारी ठेवून पाहणाऱ्या माणसाने केलं.

मॉड्यूल स्वतःच दगा देतो, असंही घडलंय. जानेवारी २०२० मध्ये टोयोटाने जगभरातून ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. धडकेच्या क्षणी तारांतून उसळणारी विजेची लाट मॉड्यूलमधली चिप निकामी करू शकत होती, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळीच. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने अल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड व्हिटारा या मॉडेलांच्या १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलर तपासायला परत मागवल्या आणि तो बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं मालकांना सांगितलं. टकाटा या कंपनीच्या एअरबॅगांचं गाजलेलं प्रकरण यात धरायचं नाही. तिथे दोष विजेत नव्हता, अमोनियम नायट्रेटच्या रसायनात होता आणि इन्फ्लेटरचं, म्हणजे गॅस तयार करणाऱ्या भागाचं, धातूचं कवचच फुटून त्याचे तुकडे माणसांना लागत होते.

आता सगळ्यात ओंगळ भाग. मॉड्यूलला दोन ओहम दिसले की तो गप्प बसतो, हे चांगल्या मेकॅनिकला जितकं ठाऊक आहे तितकंच वाईटालाही. अपघातात एअरबॅग उघडलेली गाडी दुरुस्त करताना नव्या पिशव्या महाग पडतात. मग रिकाम्या जागेत काही रुपयांचा रेझिस्टर कायमचा जोडतात, वर चकचकीत झाकण बसवतात. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश. निदानासाठी घडलेलं हत्यार फसवणुकीला वापरलं जातं. स्फोट करून झालेला मॉड्यूल धडकेची नोंद स्मरणात ठेवून स्वतःला कुलूप लावतो आणि कंपनी तो बदलायलाच सांगते. बाजारात ती नोंद पुसून तोच मॉड्यूल परत देणारेही बसलेत. जुन्या गाड्यांत तर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा बल्ब काढतात, नाहीतर त्याची तार चार्जिंगच्या दिव्याला जोडतात, म्हणजे इंजिन सुरू झालं की दोन्ही एकदम विझतात. अशा गाडीत बसणाऱ्याला आपल्यासमोर काहीच नाही हे धडकेच्या दिवशी कळतं.

कमी ओंगळ पण तितकेच नडणारे उद्योग आपले आपणही करतो. साइड एअरबॅगच्या सीटवर शिवलेलं जाड कव्हर, स्टिअरिंगवर चिकटवलेली शोभेची पट्टी, पुढे बसवलेला लोखंडी गार्ड. गार्ड धडकेचा धक्का वेगळ्याच वाटेने नेतो आणि सेन्सरचं गणित बिघडवतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलं होतं. रस्त्यावर ते अजूनही दिसतात.

जुनी गाडी घेणार असाल तर विक्रेत्याने इंजिन सुरू करण्याआधी स्वतः चावी ‘ऑन’ला न्या आणि तिथेच थांबा. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू न करताच काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा इंजिन सुरू झाल्यावरच विझला, तर सौदा तिथेच थांबवा. दिवा शहाण्यासारखा वागला तरी रेझिस्टरची शंका उरते, म्हणून विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा आणि एअरबॅग वाचणाऱ्या स्कॅनरवर गाडी तपासून घ्या. अपघात झालेली असेल तर झाकण काढून पिशवी डोळ्यांनी पाहणारा जाणकार सोबत न्या. गाडी स्वतःची असेल तर चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा. सुरक्षेच्या रिकॉलमधलं काम कंपनी फुकट करून देते, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची असली तरीही.